हेरपटातल्या खलनायकाच्या कटाचं ऑडिट कसं करावं

उपग्रहातून किरण सोडून शहर जाळणारा माणूस पडद्यावर आला, की प्रेक्षक त्याला भौतिकशास्त्र विचारत नाही. विमानाला लटकलेला हिरोही चालून जातो. पण खेळ सुटल्यावर प्लाझापासून दादर स्टेशनच्या पुलापर्यंत चालताना कुणीतरी हमखास म्हणतं, "ते सगळं ठीक, पण त्याला हे करून मिळणार काय होतं?" आणि तिथे कट कोसळतो. माझं मत असं, की हेरकथेत शास्त्राची चूक माफ असते, हिशेबाची नसते. कट कितीही अवाढव्य असो, पचतो. आतबट्ट्याचा कट पचत नाही.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे वर्सोवा-अंधेरीच्या ऑफिसांत किंवा घरच्या जेवणाच्या टेबलावर वेब सिरीज, एकांकिका, ऑडिओ मालिका लिहिणारे, त्यांना कधी ना कधी "एखादं स्पाय थ्रिलर आहे का?" असं विचारलं जातंच. दुसरे म्हणजे सिनेमानंतरच्या वादात सिनेमाइतकीच मजा येणारे. सामान फार लागत नाही: कागद, पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. सिनेमा तपासत असाल तर तो आधी एकदा न थांबवता पूर्ण बघा आणि ऑडिट दुसऱ्या खेपेला करा. पहिल्याच वेळी वही उघडून बसलात तर घरचे तुमच्यासोबत सिनेमा बघणं बंद करतील.

पायरी १: कट एका वाक्यात बसवा

वाक्याचा साचा असा: "अमुक माणूस, अमुक साधन वापरून, अमुक घडवणार, त्यामुळे अमुक लोक अमुक करतील, आणि त्यातून याला अमुक मिळेल." पाच रिकाम्या जागा आहेत. पहिल्या तीन कुणीही भरतो, कारण ट्रेलरमध्ये त्याच असतात. चौथी आणि पाचवी भरताना पेन थांबतं.

चौथ्या जागेकडे नीट बघा. कट यशस्वी व्हायला इतरांनी विशिष्ट प्रकारे वागावं लागतं: सरकारने घाबरावं, बाजाराने पडावं, जनतेने रस्त्यावर यावं. ती माणसं खरोखर तशी वागतील का, हा कटाचा कणा.

याचं उत्तम उदाहरण १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त आहे, आणि ते तिथे सापडेल असं कुणाला वाटत नाही. उदयपूरचे महाल, कबीर बेदी, विजय अमृतराज, रिक्षांचा पाठलाग, गोरिलाच्या वेशात लपलेला बाँड, असा सगळा जत्रेचा माल. पण आतला कट बघा. सोव्हिएत जनरल ऑर्लोव्ह पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी हवाई तळावर सर्कशीच्या सामानातून अणुबॉम्ब पोचवणार. स्फोट झाला की सगळ्यांना वाटणार, अमेरिकेचाच बॉम्ब चुकून फुटला. युरोपातली जनता म्हणणार, घ्या तुमची अण्वस्त्रं आणि निघा. ती गेली की सोव्हिएत रणगाड्यांना रस्ता मोकळा. पाचही जागा भरल्या. त्या काळात पश्चिम युरोपात अमेरिकी क्षेपणास्त्रांविरुद्ध खरोखरच प्रचंड मोर्चे निघत होते, म्हणजे चौथी जागा लेखकांनी रोजच्या वर्तमानपत्रातून उचलली होती. विदूषकाच्या कपड्यांतला सिनेमा आणि कट मात्र एखाद्या लष्करी नकाशासारखा.

पायरी २: नफा मोजा

इथे जास्त वेळ द्या. १९६४ चा 'गोल्डफिंगर' घेऊ, कारण या सिनेमाने आपलं ऑडिट स्वतःच करून ठेवलंय.

१९५९ च्या मूळ कादंबरीत गोल्डफिंगर फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं, सोनं चोरायला निघतो. सिनेमात बाँड त्याला तोंडावर सांगतो, की हे जमणार नाही: १५ अब्ज डॉलरचं सोनं म्हणजे १०,५०० टन, ६० माणसांना २०० ट्रकांवर ते चढवायला १२ दिवस लागतील, आणि तोवर अमेरिकी सैन्य येऊन उभं राहील. मग गोल्डफिंगर हसतो. चोरायचं कुणाला आहे? तो तिथे किरणोत्सारी बॉम्ब फोडणार, सोनं ५८ वर्षं हात लावण्याजोगं राहणार नाही, आणि त्याच्या स्वतःच्या साठ्याची किंमत दहापट होणार.

पटकथा लिहिणाऱ्याने हा प्रसंग पाठ करावा. कादंबरीत भोक होतं. ते बुजवत बसण्याऐवजी त्यांनी ते हिरोच्या तोंडी घातलं आणि त्यातून कथेला वळण दिलं. तुमच्या ऑडिटमध्ये भोक सापडलं तर आधी हेच करून बघा: ती शंका एखाद्या पात्राला विचारू द्या आणि खलनायकाकडे त्याहून चांगलं उत्तर ठेवा.

आता बाँडच्याही हिशेबाचं ऑडिट करू. तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता. १५ अब्जांना ३५ ने भागा, सुमारे ४२ कोटी ८५ लाख औंस येतात. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. एकूण वजन १३,३०० टनांच्या आसपास. म्हणजे बाँडने जवळपास पावणेतीन हजार टन कमी सांगितले. त्याचेच १०,५०० टन धरले तरी २०० ट्रकांत प्रत्येकी साडेबावन्न टन होतात. आपल्याकडचा दहा चाकी ट्रक मालासकट अठ्ठावीस टनांच्या आसपास थांबतो. आणि ६० माणसं १२ दिवसांत एवढं उचलणार म्हणजे माणशी रोज साडेचौदा टन. सोन्याची मोठी वीट साडेबारा किलोची. आठ तासांची पाळी धरली तर दर चोवीस-पंचवीस सेकंदांना एक वीट उचलायची, चहा नाही, तंबाखू नाही. मशीद बंदरच्या कुठल्याही माथाडी कामगाराला हा आकडा सांगा आणि तो काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

तरीही दृश्य टिकतं. का? आकडा चुकला तरी दिशा बरोबर आहे. सोनं जड असतं, माणसं थकतात, सैन्य वाट बघत नाही. प्रेक्षकाला अचूक बेरीज नको असते. कुणीतरी बेरीज केली आहे एवढं दिसलं तरी त्याला पुरतं.

पायरी ३: सोपा मार्ग शोधा

कट कागदावर उभा राहिला की विचारा: हेच फळ त्याला कमी खर्चात, कमी माणसांत, कमी धोक्यात मिळालं असतं का?

गोल्डफिंगरचंच बघा. त्याला सोनं दहापट महाग व्हायला हवं होतं, म्हणजे औंसाला ३५० डॉलर. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची सरकारी सांगड तोडली, आणि जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरवर गेलं. चोवीसपट. ना बॉम्ब, ना विषारी वायू, ना वैमानिक तरुणींचं पथक. माल लॉकरमध्ये ठेवून पंधरा-सोळा वर्षं गप्प बसायचं होतं. गिरगावातल्या कुठल्याही आजीने हाच सल्ला दिला असता.

या पायरीवर बरेच नामांकित कट आडवे होतात. १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मधला झोरिन कॅलिफोर्नियातल्या भूगर्भातल्या भेगांवर स्फोट घडवून सिलिकॉन व्हॅली बुडवणार, म्हणजे मायक्रोचिपचा धंदा त्याच्या मुठीत. दोन घोळ आहेत. चिप विकत घेणारे कितीतरी लोक त्याच खोऱ्यात बसलेले. गिऱ्हाईकच बुडवलं तर माल कुणाला विकणार? दुसरा घोळ मोठा. त्याच काळात मेमरी चिपच्या बाजारात जपानी कंपन्या अमेरिकेला मागे टाकत होत्या. इंटेलने मेमरीच्या त्या धंद्यातून १९८५ मध्येच अंग काढून घेतलं. झोरिनचा कट फत्ते झाला असता तर पेढे टोकियोत वाटले गेले असते.

'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) मधला माध्यमसम्राट कार्व्हर ब्रिटन आणि चीन यांच्यात युद्ध पेटवतो, कशासाठी, तर चीनमध्ये शंभर वर्षांचे प्रसारणहक्क मिळावेत म्हणून. युद्धानंतर सत्तेवर येणारा जनरल दिलेला शब्द शंभर वर्षं पाळेल ही त्याची श्रद्धा. करारावर सही करून दुसऱ्याच महिन्यात अटी बदलणारे लोक ज्याने जवळून बघितलेत, त्याला हा माणूस खलनायक कमी आणि भोळा जास्त वाटतो.

आता खराखुरा कट बघा. अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांक छापले. त्यासाठी त्याने भूमिगत तळ बांधला नाही. नाशिकच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रं मिळवली आणि मुंबईच्या फोर्ट भागातून धंदा मांडला. लोकांना मुद्रांक लागतातच, टंचाई आधीपासून होती, आणि कागद खरा की खोटा हे बघायला कुणाला वेळ नव्हता. कंटाळवाणा, स्वस्त, आणि वर्षानुवर्षं चाललेला. पुढे त्याला शिक्षा झाली. पण सोप्या मार्गाच्या कसोटीवर तो बाँडच्या निम्म्याअधिक शत्रूंच्या पुढे आहे.

तुमच्या खलनायकाने अवघड मार्गच घ्यावा असं वाटत असेल तर सोपा मार्ग आधी बंद करा, आणि तो बंद झालेला दाखवा. लाच देऊन बघितली, घेणारा बदलून गेला. कंपनी विकत घ्यायला गेला, मंडळाने नाकारलं. एकेका ओळीचं काम असतं.

पायरी ४: हजेरीपट लिहा

किती माणसं लागणार, त्यांना पगार कोण देणार, आणि त्यातल्या कितींना खरं माहीत असणार? तीन रकाने पाडा.

१९६७ च्या बाँडपटात ब्लोफेल्ड जपानमधल्या ज्वालामुखीच्या पोटात रॉकेटतळ उभारतो. केन ॲडमने पाइनवूड स्टुडिओत उभारलेल्या त्या सेटलाच सुमारे दहा लाख डॉलर लागले, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या पहिल्या बाँडपटाच्या अख्ख्या बजेटच्या जवळपास. नुसता सेट. खरा तळ खोदायचा तर काय होईल, ते मुंबईत आणून बघू.

समजा, तुमच्या खलनायकाला लालबागच्या एखाद्या बंद गिरणीखाली गुहा हवी आहे: १०० मीटर लांब, ५० रुंद, २० उंच. एक लाख घनमीटर. खाली काळा बेसाल्ट, घनमीटरला सुमारे २.८ टन. म्हणजे २ लाख ८० हजार टन दगड बाहेर काढायचा. डंपरला २० टन धरा, १४,००० फेऱ्या. रात्रीत ४० डंपर काढले तरी ३५० रात्री, आणि त्यात पावसाळा आला, म्हणजे पंप आले. हे सगळं लालबागमध्ये, जिथे गणपतीच्या मंडपाचा बांबू कुठे रोवला हेही चार गल्ल्यांना माहीत असतं. मेट्रो ३ चा भुयारी मार्ग साडेतेहेतीस किलोमीटरचा. तो खोदला जात असताना गिरगाव, दादरच्या रहिवाशांना यंत्र कुठवर आलंय हे पेपर न वाचता कळायचं, कारण घरातली भांडी सांगायची. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "रात्री दोनला डंपर कसले?" असा पहिला मेसेज पडेपर्यंतच तुमच्या गुप्त तळाचं आयुष्य.

मग मोठं गुप्त काम होतच नाही का? होतं, पण त्याला खोटं पण पटेल असं कारण लागतं. १९७४ मध्ये सीआयएने पॅसिफिकच्या तळातून, सुमारे पाच हजार मीटर खोलीवरून, बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी खास जहाज बांधलं आणि जगाला सांगितलं, की अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज समुद्रतळावरचं मँगनीज काढणार आहे. ह्यूज विक्षिप्त म्हणून प्रसिद्धच, त्यामुळे लोकांना पटलं. पाणबुडी उचलताना तुटली आणि एक भागच हाती लागला. पुढच्या वर्षी बातमीही फुटली. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारला गुपित एवढंच टिकवता आलं, ही तुमच्या खलनायकासाठी वरची मर्यादा समजा.

माणसं लागणारच असतील तर दुसरा उपाय आपल्या ऑपेरा हाऊसला घडलाय. मार्च १९८७ मध्ये एका माणसाने इंग्रजी दैनिकात गुप्तचर अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी नेमायची जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या, २६ जण निवडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर सीबीआयची धाड म्हणून गेला. दागिने नमुन्यादाखल जप्त झाले, बॅगेत भरले गेले, नव्या अधिकाऱ्यांना तिथेच थांबायला सांगून साहेब निघून गेले. तीस-पस्तीस लाखांचा माल. तो माणूस कधीच सापडला नाही. हजेरीपटावर २७ नावं, खरं माहीत असलेला एक. बाकी सगळे प्रामाणिकपणे ड्यूटी करत होते.

मला विचाराल तर हेरकथेतल्या पंटरांचा हाच उत्तम वापर. काळे गणवेश घालून पिवळ्या हेल्मेटात पळणारी फौज जुनी झाली. आपण कुणासाठी काम करतोय हे ज्याला माहीत नाही, ज्याला पीएफ कापला जातोय याचं समाधान आहे, असा कारकून दाखवा. तो जास्त भीती घालतो.

पायरी ५: घड्याळ आणि कॅलेंडर

कटाचा कुठला भाग योगायोगावर उभा आहे, ते लाल पेनाने अधोरेखित करा. 'स्कायफॉल' (२०१२) मध्ये सिल्व्हा मुद्दाम पकडला जातो, कोठडीतून निसटतो, आणि बाँड त्याला बोगद्यात गाठतो तेव्हा छताला भोक पाडून त्यातून अख्खी भुयारी रेल्वे बाँडच्या अंगावर पाडतो. म्हणजे बाँड कुठे आणि किती वाजता उभा असेल, आणि गाडी त्या सेकंदाला तिथे असेल, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ठाणे-सीएसएमटी रोज करणाऱ्या माणसाला हा कट रचणाऱ्याची दया येते. गाडी वेळेवर येईल यावर बेत रचायचा?

वेळेचा खरा वापर बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरच्या दरोड्यात दिसतो. या बँकेचे न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले पैसे खोट्या मागण्या पाठवून मनिलाकडे वळवायला चोरांनी ४ फेब्रुवारी २०१६ ची रात्र निवडली. तो गुरुवार होता. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे बघायला कुणी नाही. ढाक्यात लोक कामावर येतील तेव्हा न्यूयॉर्कचा रविवार, म्हणजे फोन उचलायला कुणी नाही. न्यूयॉर्क उघडेल तेव्हा मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी, म्हणजे पैसे अडवायला कुणी नाही. सुमारे ९५ कोटी डॉलरच्या मागण्या पाठवल्या होत्या; ८ कोटी १० लाख फिलिपिन्सला पोचले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मात्र अडले, कारण संस्थेच्या नावातलं स्पेलिंग चुकलं होतं.

आपल्याकडे तर हे सामान भरपूर आहे. बँकांच्या सुट्ट्या राज्याराज्यांत वेगळ्या, चौथा शनिवार, मेगाब्लॉकचा रविवार, विसर्जनाच्या दिवशी बंद रस्ते. कॅलेंडर समोर ठेवून कट रचलात तर प्रेक्षकाला प्रत्येक टप्पा आधीच ओळखीचा वाटतो.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी सकाळी

कट यशस्वी झाला असं धरा आणि पुढचा दिवस लिहा. 'मूनरेकर'मधला ड्रॅक्स अंतराळातून विषाचे ५० गोळे सोडून मानवजात संपवणार आणि निवडक सुंदर जोडप्यांसह पृथ्वी पुन्हा वसवणार. उतरल्यावर गहू कोण पेरणार? त्या जोडप्यांत एक तरी प्लंबर आहे का? याहून जास्त लिहायची गरज नाही. ज्या कटाला दुसरा दिवस नाही तो इथे आपोआप दिसतो.

एक पथ्य

हे सगळं ऑडिट करू नये असेही सिनेमे असतात. 'मिस्टर इंडिया'तल्या मोगँबोला पाचवी रिकामी जागा विचारू नका. 'तिरंगा'त दीपक शिर्केंचा प्रलयनाथ क्षेपणास्त्रं रोखून उभा असतो आणि राजकुमार शांतपणे त्यांचे फ्यूज कंडक्टर काढून आणल्याचं दाखवतो. तिथे अभियांत्रिकी काढणारा माणूस रसिक नव्हे. या खलनायकांना काही मिळवायचंच नसतं, त्यांना खलनायक असायचं असतं, आणि सिनेमा ते पहिल्या रिळात सांगून टाकतो. घोळ तेव्हा होतो, जेव्हा सिनेमा गंभीर चेहऱ्याने राजकारण आणि अर्थकारण बोलतो आणि कट मात्र प्रलयनाथाचा ठेवतो. गेल्या काही वर्षांतल्या आपल्या मोठ्या हेरपटांपैकी बऱ्याच जणांची हीच गत आहे.

एक कट सुरुवातीपासून तपासू

नवोदितांच्या गोष्टींत फिरून फिरून येणारा कट घेतो: "खलनायक मुंबईची लोकल बंद पाडणार, शहर ठप्प होणार, शेअर बाजार कोसळणार, आणि त्याने आधीच मंदीचे सौदे (म्हणजे भाव पडला की नफा देणारे) केलेले असल्यामुळे तो कोट्यवधी कमावणार."

पहिली पायरी पार होते, पाचही जागा भरलेल्या आहेत. मात्र चौथी तपासायला आपल्याकडे प्रत्यक्ष पुरावा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते बंद, माणसं रात्रभर ऑफिसांत आणि बसच्या टपांवर. दुसऱ्या दिवशी अर्धामुर्धा व्यवहार झाला आणि सेन्सेक्स ७,६०० च्या वर, तोवरच्या विक्रमी पातळीवर बंद झाला. निसर्गाने खलनायकाचा कट फुकटात राबवून दाखवला आणि बाजाराने ढुंकूनही बघितलं नाही. कारण व्यवहार पडद्यावर होतात. दलाल स्ट्रीटवर ओरडणारी गर्दी १९९५ नंतर इतिहासजमा झाली.

बाजार पडलाच असं धरलं तरी निर्देशांक दहा टक्के घसरला की सर्किट लागून व्यवहार थांबतात. आणि मोठा मंदीचा सौदा आधी करून ठेवणाऱ्याचं नाव सेबीच्या संगणकात सगळ्यात वर येतं. लोकल बंद पाडायला शेकडो माणसं, हजेरीपट फुगलेला. थोडक्यात, साधन प्रचंड आणि फळ शंकास्पद.

दुरुस्ती करताना साधन लहान करा. अख्खा बाजार पाडण्याऐवजी एकच कंपनी घ्या. समजा, तळोज्याच्या पट्ट्यात एक काल्पनिक औषध कंपनी आहे, तिची निम्मी निर्यात एकाच कारखान्यातून होते. अमेरिकी औषध नियामकाचं पथक तपासणीला येणार आहे. त्या पथकाचा सगळा भर नोंदींवर असतो: कुठली बॅच, कधी तपासली, कुणी सही केली. नोंदी विस्कटलेल्या सापडल्या तर निर्यातीवर बंदी येऊ शकते आणि शेअर एका दिवसात गडगडतो. असं आपल्या औषध कंपन्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. वायदे बाजारात असलेल्या शेअरला एका दिवसातली घसरण अडवणारं ठरावीक सर्किटही नसतं. म्हणजे खलनायकाला स्फोट करायचाच नाही. त्याला गुणवत्ता विभागातला एक माणूस हवा आहे, जो तपासणीच्या आदल्या रात्री काही पानं फाडून कचऱ्याच्या पिशवीत ठेवेल. माणसं तीन, खरं माहीत असलेला एक.

आता हा माणूस एवढी जोखीम का घेतोय? इथे २००६ चा 'कॅसिनो रोयाल' आठवा. त्यातला ले शिफ्र दुसऱ्यांचे पैसे घेऊन विमान कंपनीच्या शेअरवर मंदीचा जुगार खेळतो, ते विमान स्फोटाने उडवायचा बेत फसतो, दहा कोटी डॉलरच्या वर बुडतात, आणि ज्यांचे पैसे होते ते हत्यारं घेऊन दारात येतात. त्याला जग जिंकायचं नाही, त्याला सोमवारपर्यंत पैसे भरायचे आहेत. तुमचा माणूसही असाच ठेवा: काळबादेवीतला हवालावाला, परदेशी गुप्तचर संस्थेचे पैसे मुंबईत फिरवणारा. ते पैसे त्याने स्वतःच्या लोभाने बाजारात लावले आणि बुडवले. हेर आला, देश आला, पैसा आला, आणि लोकल चालू राहिली.

शेवटची पायरी: कट सांगायचा कुणाला

खलनायक हिरोला खुर्चीला बांधून सगळा बेत ऐकवतो, हे दृश्य आता टिंगलीचा विषय झालंय. पण प्रेक्षकाला कट कळायला तर हवा. 'गोल्डफिंगर'मध्येही हा घोळ आहे: तो गुंडांच्या टोळीप्रमुखांना जमवून फोर्ट नॉक्सचं भलंमोठं मॉडेल जमिनीतून वर आणतो, सविस्तर भाषण देतो, आणि मग त्या सगळ्यांना विषारी वायूने मारतो. मारायचंच होतं तर मॉडेलवर खर्च कशाला केला?

उपाय असा, की ज्याला कट कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, अशाच माणसाला तो सांगावा लागेल अशी व्यवस्था करा. आपल्या गोष्टीत तो माणूस आहे फोर्टमधला सबब्रोकर. एवढा मोठा मंदीचा सौदा आपल्या खात्यातून टाकायला तो तयार नाही. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी भरलेली अनामत, कमी पडलं तर वसुली त्याच्याकडून होणार. तो उडुप्याच्या हॉटेलात कॉफी ढवळत हवालावाल्याला विचारतो, "शेठ, हा शेअर पडणारच, हे तुम्हाला कोण सांगतं?" शेठ आजूबाजूला बघतो. शेजारच्या टेबलावर एक जण इडली खातोय. तो आपला हिरो आहे की नुसता इडली खाणारा, हे तुम्ही ठरवा. पण शेठने पहिलं वाक्य मात्र हळू आवाजात, मराठी-गुजराती मिसळून, आणि आकड्यापासून सुरू करावं.